भांगानं जा

आमच्या सायकल ग्रुपमधलं माझं पद म्हणजे शेपूट. हसू नका, निकेतनं व्हॉट्सॲपवर तसंच लिहिलं होतं: लीडर निकेत, शेपूट उर्मिला. शेपटाचं काम एकच. जो सगळ्यांत हळू असेल त्याच्या मागे राहायचं. तो थांबला की थांबायचं, तो पंक्चर झाला की त्याच्याबरोबर रस्त्याकडेला बसायचं, आणि काही झालं तरी शेवटच्या चाकाच्या पुढे जायचं नाही. मी शाळेत पीटी शिकवते. बावीस वर्षं पोरांच्या रांगेमागून चालतेय, गळ्यात शिट्टी कायमची. मला हे काम कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या रविवारी मी शेवटच्या चाकाच्या पुढे गेले. कशी गेले ते सांगते, पण ऐकून माझी बाजू कुणी घेऊ नये.

जूनमध्ये आम्ही आठ जण फ्रान्सला जाणार होतो. खेड्यापाड्यांतून, द्राक्षांच्या मळ्यांतून, कालव्यांच्या काठानं आठ दिवस सायकल चालवायची. हे खूळ निकेतचं. कंप्युटरवर काम करणारा अडतीस वर्षांचा माणूस, डोक्यात काही शिरलं की स्वतः झोपत नाही आणि दुसऱ्याला झोपू देत नाही. त्यानं जाहीर केलं की फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी 'फ्रान्सचा एक दिवस' इथेच करायचा. तेवढेच किलोमीटर, तसंच गवतावर बसून पाव-चीज, आणि शेवटी कालव्याच्या काठासारखी एक अरुंद वाट, जी प्रत्येकानं एकट्यानं पार करायची. ज्याला हा दिवस झेपेल तो जूनमध्ये विमानात बसेल. ज्याला झेपणार नाही, त्यानं मुकाट्यानं नाव काढून घ्यायचं.

हे शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. धर्माजी काकांना तर आधी कळलं.

काका त्रेसष्ट वर्षांचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात त्यांनी पस्तीस वर्षं ताटल्यांना पॉलिश केलं आणि शेवटी शेवटी खोक्यांवर लेबलं चिकटवली. त्यातलं एक लेबल फ्रान्सचं होतं. "आपली ताटली तिकडे जाऊन आली, आपण न्हाय," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. बोलताना कुणाचं मन मोडायचं नाही, कुणाला उलट विचारायचं नाही, असा माणूस. निकेतच्या सांगण्यावरून त्यांनी ते पॅडलला खटकन अडकणारे बूट घेतले होते. सोडवताना टाच बाहेर झटकावी लागते. काका ते विसरायचे आणि सिग्नलला थांबले की सायकलसकट आडवे व्हायचे. तीनदा पडले. मग चालवताना स्वतःशीच पुटपुटायला लागले, "टाच बाहेर, टाच बाहेर." आम्ही त्यावरून त्यांना खूप चिडवलं. मीही चिडवलं.

वाट शोधायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या रविवारी मी एकटीच उत्तनच्या बाजूला गेले. माझं माहेर सांगोल्याचं. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, भरती-ओहोटी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाठ केली. पण खाडीलगत मिठागरांच्या मधून जाणारा मातीचा बांध बघितला आणि मी खूष झाले. दोन किलोमीटर सरळ, सायकलपुरता रुंद, एका हाताला खाडीचा चिखल, दुसऱ्या हाताला मिठागरांचे चौकोन. डोक्यावर भांग पाडावा तसा मधोमध गेलेला. कडेला भाजीच्या वाडीत ज्युलियाना आंटी मुळे उपटत होत्या. उत्तनच्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या, सत्तरीच्या आसपास.

मी विचारलं, "आंटी, या बांधावरनं सायकली जातील ना? आठ जण आहोत."

त्यांनी एकदा बांधाकडे बघितलं, एकदा माझ्या पायांकडे. "भांगान जा, बाय. पाय पन भिजाचा न्हाय."

मला तो शब्द इतका आवडला! मी बघत होते तेच त्यांनी म्हटलं होतं. बांधाला इथे भांग म्हणतात, काय सुंदर नाव आहे, असं म्हणत मी घरी आले. ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आपला शेवटचा टप्पा: भांग.' निकेतनं नकाशावर मराठीत तेच नाव टाकलं. सगळ्यांनी बदाम पाठवले. आंटींना पुन्हा काही विचारावं असं माझ्या मनात आलं नाही. शिकवणाऱ्या माणसांना विचारायची सवय नसते, हा माझा जुना दोष आहे.

शनिवारी संध्याकाळी नया नगरच्या नाक्यावर चहाला सगळे जमलो होतो. तिथे काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "उर्मिला, उद्या भांग आहे ना नक्की?"

"आहे, आहे. मी स्वतः जाऊन विचारलंय."

"तिकडच्या माणसाला विचारलंस ना?"

"तिकडच्याच बाईला. तुम्ही कशाला काळजी करता?"

"मग झालं," ते म्हणाले. "तू विचारलंस म्हणजे झालं."

रविवारी पहाटे काकांना घ्यायला त्यांच्या बिल्डिंगखाली गेले, तर त्यांची बायको, विमलाबाई, स्वतः खाली आलेल्या. काकूंनी माझा हात धरला. काका मूळचे रत्नागिरीकडचे, काकूही तिकडच्याच, त्यांच्या गावच्या खाडीपलीकडच्या. "संध्याकाळी चारला सत्यनारायण आहे, त्याआधी यांना घरी आण. यांच्या मागे तूच असतेस ना गं?"

"मीच असते, काकू."

"मग मी निवांत आहे. यांच्या मागनं हलू नकोस, एवढंच."

मी मानेनं हो म्हटलं. काका बूट अडकवत होते. "टाच बाहेर," मी ओरडले, आणि काकूसुद्धा हसल्या.

सकाळ छान गेली हे सांगायला हवं, कारण ती तशी गेली. वरसाव्याच्या पुलावर सूर्य उगवला. खाडी इतकी उतरली होती की पुलाखालचे खांब खालपर्यंत उघडे पडले होते आणि चिखल चमकत होता. निकेत म्हणाला, "व्वा, काय फोटो येईल!" काका मात्र कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले.

"काय बघताय?" मी विचारलं.

"पाणी फार लांब गेलंय," ते म्हणाले. "लांब गेलेलं पाणी..." पुढचं त्यांनी गिळलं आणि हसले. "लहानपणचं काहीतरी. अकराव्या वर्षी गाव सुटलं, आता काय आठवतंय."

मी घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली. मला वेळेत राहायचं होतं.

केबिन रोडच्या बेकरीतून निकेतनं मुद्दाम लांबलचक पाव करवून घेतले होते, ते पाठीला बांधून आम्ही उत्तन गाठलं. वाटेत भेटेल त्याला निकेत 'बोंझूर' म्हणत होता. एका मच्छीवालीला ती शिवी वाटली आणि तिनं त्याला "तुजा तूच हो" म्हणून उत्तर दिलं तेव्हा आम्ही हसून लोळलो. ज्युलियाना आंटींच्या वाडीत बसून खायचं ठरलं होतं. आंटी घरी नव्हत्या, चर्चमध्ये कुणाच्या तरी बाप्तिस्म्याला गेल्या होत्या. त्यांच्या सुनेनं पाणी दिलं, गवत दाखवलं आणि ती मुलाला न्हाऊ घालायला आत गेली. आम्ही पुढे कुठनं जाणार ते तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

काकांनी नीट खाल्लं नाही. त्यांचा चेहरा पांढरट झाला होता. पन्नास किलोमीटर झाले होते आणि ऊन तापलं होतं. मी म्हटलं, "काका, इथनं रिक्षानं घरी जाऊ. मी येते बरोबर."

ते एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं फक्त त्या दिवशी पाहिलं. "आता दोन किलोमीटरसाठी रिक्षा? पस्तीस वर्षं खोकी भरली, उर्मिला. एकदा बघू दे मला, कुठे जातात ती."

मी उरलेला पाव बांधून घेतला.

बांधाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. निकेतनं नियम सांगितला: तीन-तीन मिनिटांनी एकेक जण सुटेल, तो स्वतः सगळ्यांत आधी जाईल आणि पलीकडे वेळ टिपेल. तो गेला. मग एकेक जण जात राहिला. मी आणि काका मागे उभे होतो.

मला तेव्हा काही दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं सगळं. आदल्या रविवारी जिथे चिखल होता तिथे आता पाणी होतं. ते लाटा मारत नव्हतं, आवाज करत नव्हतं, नुसतं भरत होतं. बांधातल्या उघाडीतून, म्हणजे मिठागरात पाणी घ्यायची जी फळी असते तिच्या फटीतून, पाणी आतल्या बाजूला फुरफुरत येत होतं. आणि बारके लाल खेकडे, शेकड्यांनी, चिखल सोडून बांधाच्या माथ्यावर येऊन बसले होते. निकेतचं चाक आलं तेव्हा ते बाजूला झाले आणि पुन्हा माथ्यावरच आले. खाली कुणी उतरलं नाही. मला कसंतरी झालं. पण मला खेकडे आवडतच नाहीत, म्हणून तसं झालं असेल असं मी स्वतःला समजावलं.

काकांच्या पुढचा गडी सुटला. आता काका, आणि त्यांच्या मागे मी.

काका सायकलवरून उतरून खाली बसले होते. "उर्मिला, तू आधी हो."

"मी शेपूट आहे, काका."

"ऐक माझं. तू मागे असलीस की निकेत म्हणेल, उर्मिलानं ढकलत आणलं. मला एकट्यानं यायचंय. दोन मिनिटं दम खातो आणि निघतो. वाट सरळ आहे, चुकायचंय कुठे?"

खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली, आणि दया आली की माणसाचं डोकं चालत नाही. काकूंना दिलेला शब्द मला आठवत होता. पण तो मला त्या क्षणी थोडा जाच वाटला, म्हाताऱ्या माणसाला लहान मूल समजण्यासारखा.

त्यांनी पाण्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघून, अगदी संकोचानं, जणू मोठ्या माणसाची चूक काढतोय असं विचारलं, "आज भांगच ना गं? नक्की ना?"

"हो, काका! भांगच. शंभरदा काय विचारता? भांग सोडू नका, सरळ या."

"बरं," ते म्हणाले. "तुला ठाऊक." आणि मान डोलावली.

मी निघाले.

पहिला किलोमीटर कोरडा होता. मध्यावर बांध जरा खचलेला आहे, ते मी आदल्या रविवारी बघितलं होतं. तेव्हा तिथे धूळ होती. आता तिथे खाडीकडचं पाणी बांधावरून मिठागरात चाललं होतं, घोट्याएवढं, गुळगुळीत. मी न उतरता त्यातून सायकल काढली. पाणी बुटात गेलं. गार लागलं.

पाय पन भिजाचा न्हाय, असं आंटी म्हणाल्या होत्या. माझा पाय भिजला होता.

तेवढं मला कळलं. काय चुकलंय ते कळलं नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळलं. मी पाय टेकून मागे बघितलं. लांबवर काका सायकलवर बसत होते, एवढेसे दिसत होते. शिट्टी माझ्या गळ्यात होती. तीन वेळा वाजवली की थांबा, असा आमचा नियम. मी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली नाही. वाजवली असती तर ते थांबले असते, निकेतनं वहीत फुली मारली असती, आणि फ्रान्स गेलं असतं. घोटाभर तर पाणी आहे, असं मी म्हटलं आणि पुढे गेले.

पलीकडच्या टोकाला आमचे सहा जण सावलीत बसून फोटो बघत होते. तिथेच एक माणूस छोट्या होडीला दुसरा दोर बांधत होता. पन्नाशीचा, उघडा, कमरेला टॉवेल. नंतर कळलं की ते कॉन्रॅड अंकल, ज्युलियाना आंटींचे दीर. त्यांनी माझ्या भिजलेल्या बुटांकडे बघितलं.

"तुमी बांधावरशी कशाला आलाव आज?"

"ज्युलियाना आंटींनी सांगितलं होतं," मी म्हटलं. "भांगानं जा म्हणून."

ते हसले. "कवा सांगितलान?"

"मागच्या रविवारी."

"हां, तवा होता भांग. अष्टमी होती. भांग म्हंजे पानी मेलेलं, चढतच न्हाय. आज पुनव हाय, बाय. आज उधान हाय." मग त्यांचं हसू गेलं. माझ्या मागे, बांधाकडे बघत त्यांनी विचारलं, "पाठी कोन हाय?"

मी वळले. बांध दिसत नव्हता. म्हणजे दोन्ही टोकं दिसत होती, मधला भाग नव्हता. खाडी आणि मिठागर एक झालं होतं आणि वर ऊन चमकत होतं. त्या चकाकीत माणूस आहे की नाही ते कळेना.

मी शिट्टी वाजवत धावले. तीन, तीन, तीन. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला, आणि ते सरळ उभं राहू देत नव्हतं, आतल्या बाजूला ओढत होतं. मागून निकेतनं मला धरलं. मी त्याला मारलं. कॉन्रॅड अंकल होडी घेऊन आमच्या बाजूनं पुढे गेले. मी शिट्टी वाजवत राहिले. उत्तर यायचं असतं तर "आलो, आलो" असं आलं असतं, ते नेहमी तसंच म्हणायचे.

अंकलना ते खचलेल्या जागेपासून थोडं आत, मिठागराच्या बाजूला सापडले. पाणी तिथे छातीभरही नव्हतं. एक पाय सुटला होता. दुसरा बूट पॅडलला तसाच अडकलेला होता आणि टाच बाहेर झटकलेली होती, अर्धी.

दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. निकेत बाकावर बसून लहान मुलासारखा रडत होता. कुणीतरी काकूंना फोन करून काका पडलेत एवढंच सांगितलं होतं. मी म्हटलं, मी जाते. मागे राहायचं काम माझं होतं, हेही माझंच.

पावणेचार वाजले होते. दार उघडंच होतं. चौरंगाला केळीचे खुंट बांधलेले, कलश मांडलेला, शिऱ्याचा वास घरभर सुटलेला. काकू न्हाऊन, जरीची साडी नेसून, ओल्या केसांचा नीट भांग पाडून बसल्या होत्या. माझे कपडे चिखलानं भरले होते. त्यांनी माझ्यामागे दाराकडे बघितलं आणि कुणी नाही हे बघून पुन्हा माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण दुसरं काही येत नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. चौरंगाच्या कडेला हात धरून बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "पाण्यात? हे पाण्यात कसे जातील? यांचं बालपण खाडीत गेलं. भरतं पाणी बघून हे पाय टाकायचे नाहीत. तू मागे होतीस ना?"

"नव्हते, काकू. मी पुढे गेले."

मला तिथेच थांबता आलं असतं. तेवढंही पुरेसं होतं, आयुष्यभर पुरलं असतं. पण त्यांनी विचारलं, "निघताना काय म्हणाले?"

"मला विचारलं त्यांनी," मी म्हटलं. "आज भांगच ना, नक्की ना, असं. आदल्या दिवशीही विचारलं होतं."

काकूंनी मान वर केली. तो शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी चौरंगाकडे बघितलं, कलशाकडे, पौर्णिमेच्या पूजेसाठी आणलेल्या फुलांकडे. मग माझ्याकडे.

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं."

"आज पुनव गं," काकू म्हणाल्या. "पुनवेला कुठला भांग?"